उजव्या अंगठ्याचं काम

जगात एक विद्या अशी आहे की ती माझ्याशिवाय कुणालाही येत नाही. ही फुशारकी नाही, खरंच तसं आहे. आणि ती कुणाच्या काडीच्या उपयोगाची नाही, हेही तितकंच खरं. आमच्या बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी, जुन्या साडीच्या खोळीत एक मराठी टाइपरायटर आहे. स्पेसची लांबलचक दांडी असते ना, ती त्याला मधोमध कापलेली आहे. अक्षरं भलत्याच कळांवर आहेत. चांगल्या सराईत टायपिस्टला त्याच्यावर स्वतःचं नाव उमटवता यायचं नाही. हे मशीन चालवता येणारी माणसं एके काळी जगात दोन होती. दुसरे म्हणजे आमचे मास्तर.

मुलगा दर दिवाळीला म्हणतो, "आई, हे भंगारात देऊ या का?" मी म्हणते, "आधी मला दे, मग ते दे." मग तो वर्षभर गप्प बसतो.

मास्तरांचा टायपिंगचा क्लास चिंचवड स्टेशनजवळ एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. खाली गिरणी सुरू झाली की वरची फळ्यांची जमीन थरथरायची आणि शिकाऊ माणसाचं बोट चुकलं तर दोष गिरणीवर ढकलता यायचा. फटींतून पीठ वर यायचं. मशिनांवर, कार्बन पेपरांवर, मास्तरांच्या भुवयांवर, सगळीकडे पीठ. संध्याकाळी घरी गेले की माझी आई विचारायची, "टायपिंग शिकतीस का भाकरी थापतीस गं?" क्लासच्या वेळा घड्याळावर नव्हत्या, कंपन्यांच्या भोंग्यांवर होत्या. पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की आमची बॅच. सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं असतील ती. आजूबाजूला रोज नवं पत्र्याचं छप्पर उभं राहत होतं आणि प्रत्येक छपराखाली एक तरी टायपिस्ट लागत होता.

मास्तर उंच, थोडे वाकलेले. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात कोट. कोट थंडीसाठी नव्हता, खिशांसाठी होता. एका खिशात टाइप साफ करायचा ब्रश, दुसऱ्यात तेलाची बाटली, आतल्या खिशात लाकडी फूटपट्टी. या फूटपट्टीनं त्यांनी कुणाला मारल्याचं मला आठवत नाही. मुलींच्या हाताला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम, म्हणून खाली गेलेलं मनगट ते पट्टीनं वर उचलायचे, तव्यावरची पोळी उचलावी तितक्या जपून.

बोटांना त्यांनी नाती देऊन टाकली होती. करंगळी म्हणजे लेक, तिला फार राबवायचं नाही. तिच्या शेजारची सून. मधलं बोट म्हणजे घरचा थोरला. पहिलं बोट धाकटा, सगळीकडे धावणारा. आणि अंगठा म्हणजे घरजावई.

"बघा," ते पट्टी उंचावून म्हणायचे, "पंजात सगळ्यात धष्टपुष्ट कोण? अंगठा. आणि काम काय करतो? एक दांडी दाबतो! तीही दोघांत मिळून एक! थोरला मर मर मरतो आणि जावई पान खात बसतो. हा काय न्याय झाला?"

आम्ही हसायचो. पण हसता हसता नजर त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे जायची आणि हसू आवरतं घ्यावं लागायचं. ते बोट पेरात सुजून वाकडं झालेलं होतं. मास्तरांनी क्लास काढण्याआधी एका कंपनीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं मराठी टायपिंग केलं होतं. आमच्या मशिनांवर काना त्याच बोटाखाली. आणि मराठीत काना किती! ख, घ, भ, श ही अक्षरंसुद्धा आधी अर्धं मारून पुढे काना ठोकल्याशिवाय पुरी होत नाहीत.

"मराठी मूल बोलायला लागतं तेच मुळी काना मागत," मास्तर म्हणायचे. "बाबा. काका. मामा. दादा. आणि हा सगळा भार दिला कुणावर? एकट्या थोरल्यावर!" मग ते बोट पुढे करायचे. "हे बघा थोरल्याचं काय झालंय. तुमचं असं होता कामा नये. बास, एवढंच माझं म्हणणं आहे."

त्यांचं म्हणणं खरोखर एवढंच होतं. पण त्यापायी त्यांनी स्वतःचं एक चांगलं चालतं मशीन कापायला काढलं.

कापणारा याकूबभाई. पिंपरीच्या बाजारात त्याचं दुकान. शिलाई मशीन, टाइपरायटर, स्टोव्ह, काहीही दुरुस्त करायचा. मास्तरांनी त्याला बेत सांगितला तेव्हा मी तिथेच फीत बदलत बसले होते. स्पेसची दांडी कापून दोन करायची. डावा अर्धा भाग स्पेसचा. उजवा अर्धा भाग तारेनं कान्याच्या दांड्याला जोडायचा, म्हणजे काना उजव्या अंगठ्यावर आला. मधल्या बोटाखालची कळ मोकळी झाली की तिथे दुसरं हलकं अक्षर आणायचं, त्याच्या जागी तिसरं, असं करत अर्धा कीबोर्ड इकडचा तिकडे.

याकूबभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मास्तर, बिघडलेलं मशीन आना, मी रात में बनवून देतो. पन चांगल्याला कापायचं? खुदाकसम, माझा हात उठनार न्हाई."

"डॉक्टर चांगल्या चामडीवरच सुरी लावतो ना?"

"डॉक्टर पेशंटला नंतर शिवतो बी, मास्तर."

"तूही शीव. झाळून दे."

आठवडाभर याकूबभाई आला नाही. मग एक दिवस करवत घेऊन आला, बिस्मिल्ला म्हणाला आणि कापायला बसला. पुढे महिनाभर तो अक्षरं झाळून काढत होता, चिकटवत होता आणि मास्तरांना शिव्या घालायच्या त्या मशीनला घालत होता. पण काम असं सुबक केलं की शेवटी स्वतःच दहा वेळा तो काना मारून बघत बसला. "जावई कामाला लागला, मास्तर," म्हणाला.

आता हे मशीन मास्तरांनाच शिकायचं होतं. पन्नाशी उलटलेला, आख्ख्या पट्ट्यात वेगासाठी नावाजलेला माणूस नव्या पोरासारखा एक एक कळ शोधायला लागला. आम्ही तीन ओळी मारायचो तेव्हा त्यांची एक व्हायची. ते बघवत नसे आणि मजाही वाटे. दिवसभर बोटं चालू. बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर, घरी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या पोळपाटावर. एकदा गल्लीतल्या कुणाच्या तरी दुःखाला आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. तिथे पाहुणे जे जे बोलत होते ते सगळं मास्तर आपल्या मांडीवर टाइप करत होते. काना आला की अंगठा दणकन मांडीवर. विधवा बाई रडत म्हणाली, "आता आमाला आधार कुनाचा," आणि मास्तरांचा अंगठा सटासट आपटला. काकूंनी डोळे वटारले. पण मला एक कळलं होतं, मास्तरांचं लक्ष आहे की नाही ते अंगठ्यावरून ओळखायचं. अंगठा चालू म्हणजे माणूस मनापासून ऐकतोय.

खरी पंचाईत पुढे झाली. नवं बोटांत बसायला लागलं तसं जुनं उठून गेलं. मास्तर बाहेरचे अर्ज टाइप करून द्यायचे, ते साध्या मशीनवर. तिथे काना हवा असला की त्यांचा अंगठा आपोआप दांडीवर जायचा आणि कान्याच्या जागी कोरी जागा पडायची. एका फाउंड्रीतल्या माणसाला त्यांनी रजेचा अर्ज करून दिला. त्यानं तो उजेडाकडे धरला. "मास्तर, उंदरानं कुरतडलाय का वो?" मास्तरांनी अर्ज पुन्हा मारला. पुन्हा भोकं. शेवटी तो मी मारून दिला.

त्या दिवसापासून मास्तरांनी साध्या मशीनला हात लावणं सोडलं. "एका घरात दोन चुली नकोत," म्हणाले. बाहेरची कामं माझ्याकडे आली आणि काकूंचा पारा चढला. "अहो, जगातल्या सगळ्या मशिनांवर चालणारी बोटं होती तुमची. आता एकाच मशीनवर चालतात. याला सुधारणा म्हणतात होय?" मास्तर म्हणाले, "कंपनीनं अशी मशिनं काढली की सगळ्यांवर चालतील." ते टाइपरायटर बनवणाऱ्या एका कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवत होते. उत्तराची वाट बघणं हा त्या घरातला एक कायमचा पाहुणा झाला होता.

आणि आमच्यावर चिंधीचं संकट आलं. उद्या अशी मशिनं आली तर आपली मुलं तयार असावीत म्हणून मास्तरांनी आमच्या उजव्या अंगठ्यांना कापडाची चिंधी बांधून ते तळव्याला जखडायला सुरुवात केली. स्पेस फक्त डाव्या अंगठ्यानं मारायची. इतर सगळ्या क्लासांत मुलं स्पेस उजव्यानं मारायची. आम्ही कुरकुर केली की ठरलेलं उत्तर, "उजव्याला रिकामा ठेवा. त्याचं काम यायचंय."

हे वाक्य आमच्यात म्हणायची चालच पडली. कुणी आळशी दिसला की, "राहू दे, त्याचं काम यायचंय." दोन मुली चिंधीला कंटाळून दुसऱ्या क्लासला गेल्या, तिथे पंखाही होता. माझे वडील एकदा माझा बांधलेला अंगठा बघून सरळ जिना चढून आले.

वडील पिंपरीला एका कंपनीत फिटर. मूळचे आम्ही कुरुळीचे. त्यांनी मला शिकू दिलं होतं ते गावातल्या सगळ्यांचं ऐकून घेऊन, आणि माझ्याशी बोली एकच केली होती. "येक डाव परीक्षा दे. पास झालीस तर नोकरी कर, माझी ना न्हाई. नापास झालीस तर मामानं स्थळ आणलंय तिकडं गुमान जायचं. दुसरा डाव न्हाई." त्यांच्याच कंपनीत मराठी टायपिस्टची जागा निघणार होती. मला ती नोकरी हवी होती. त्या स्थळाला मी दोनदा बघितलं होतं, म्हणून तर जास्तच हवी होती.

"मास्तर," वडील म्हणाले, "पोरीचा अंगठा का बांधला? चोरी केली का तिनं?"

"तुमच्या पोरीचा हात क्लासमधला सगळ्यात चांगला हात आहे," मास्तर म्हणाले. "ती पास होणार. माझा शब्द."

"अंगठा सोडून?"

"अंगठ्याचं काम यायचंय."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण हसू येत होतं. "परीक्षेला सोडा म्हंजे झालं," म्हणाले आणि जिना उतरले.

परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात टाइपरायटरच्या कंपनीचं उत्तर आलं. त्यांचा एक साहेब परीक्षेच्या दिवशी पुण्याच्या केंद्रावर मशिनं बघायला येणार होता, तेव्हा तुमचं यंत्र दाखवा. मास्तरांनी ते पत्र खाली गिरणीवाल्यालासुद्धा वाचून दाखवलं. त्या रात्री काकूंनी शिरा केला. बाई कितीही करवादल्या तरी शिऱ्यात बेदाणे घालायला विसरल्या नव्हत्या.

तेव्हा परीक्षेला मशीन आपलं आपण न्यावं लागे. प्रत्येक क्लास टेंपोत मशिनं घालून केंद्रावर जायचा, बरोबर आपला मेकॅनिक आणि एखादं जास्तीचं मशीन. कुठे काही मोडलंच तर असावं म्हणून. आमच्या टेंपोत मशिनं ठेवायला मोजकी जागा होती. मास्तरांनी जास्तीचं मशीन उतरवलं आणि तिथे गोधडीत गुंडाळून आपलं ठेवलं. याकूबभाई म्हणाला, "मास्तर, जास्तीचं असू द्या." मास्तर म्हणाले, "रस्ता आता चांगला झालाय."

रस्ता दापोडीच्या पुलापर्यंत चांगला होता. त्यापुढे टेंपो एका खड्ड्यात असा आपटला की मागची दोरी सुटली आणि एक मशीन पालथं पडलं. केंद्रावर पोचून उतरवलं तेव्हा कळलं की ते माझं. स्पेसची दांडी लोंबत होती आणि तिचा आतला दांडा मोडून दोन झाला होता. वर शाळेच्या वर्गात आमच्या बॅचची मशिनं चढत होती. याकूबभाईनं खाली बसून बघितलं आणि मान हलवली. "वेल्डिंग लागनार. इथं कुठलं वेल्डिंग?"

मला रडू आलं नाही. मला एकदम त्या मामाच्या स्थळाचा चेहरा दिसला, पान खाऊन लाल झालेले दात आणि सगळं. वडील फाटकापाशी उभे होते. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

मास्तर गोधडी सोडत होते. साहेब यायचा होता म्हणून त्यांनी आपलं मशीन झाडाच्या पारावर मांडायला घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मशीनकडे. मग आपल्या मशीनकडे, आणि तिथे त्यांची नजर थोडी जास्त थांबली.

"याकूब," म्हणाले, "डावी काढ."

याकूबभाईला कळलं, पण तो उठेना. "मास्तर, साहेब येनार हाय. स्पेस काढली तर काय दाखवनार त्याला?"

"दोन्ही मशिनं एकाच कंपनीची आहेत. दांडा बसेल. डावी काढ म्हणतो ना!"

त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. याकूबभाईनं पेचकस घेतला. मी मध्येच म्हणाले, "मास्तर, नको. मी पुढच्या वेळी बसेन." ते माझ्यावर खेकसले, "पुढची वेळ नाही तुला. ठाऊक आहे मला. वर जा आणि कागद चढवून बस."

अशी मी परीक्षेला बसले. समोर माझं मशीन, अक्षरं नेहमीच्या जागी, आणि खाली स्पेसची अर्धीच दांडी, तीही डावीकडे. उजवीकडे मोकळी हवा. शेजारची मुलगी बघून इतकी घाबरली की तिचाच कागद वाकडा चढला. पर्यवेक्षकांनी विचारलं, "हे चालतं?" मी म्हटलं, "चालतं." आणि ते चाललं. दुसऱ्या कुठल्याही क्लासची मुलगी त्या मशीनवर आडवी झाली असती, कारण तिचा उजवा अंगठा शब्दाशब्दाला पोकळीत आपटला असता. माझा उजवा अंगठा चिंधी नसतानाही तळव्याला चिकटून बसला होता. वर्षभर ज्या चिंधीला आम्ही शिव्या दिल्या ती त्या दिवशी माझ्या बाजूनं उभी राहिली.

खाली काय झालं ते मला याकूबभाईनं नंतर सांगितलं. साहेब आला, बूट चकचकीत. मास्तरांनी त्याला काना मारून दाखवला, तारेची जोडणी दाखवली, वाकडं बोटही दाखवलं. साहेब म्हणाला, "ठीक आहे, एक ओळ टाइप करून दाखवा." आता स्पेसच नाही तर ओळ कशी दाखवणार? मास्तर म्हणाले, "थोडं थांबा. ह्याची अर्धी दांडी वर परीक्षेला बसलीये."

साहेबाला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. त्यानं घड्याळ बघितलं. मास्तरांनी त्याला घंटा होईपर्यंत थांबवायचा खूप प्रयत्न केला, चहा मागवला. तो चहा प्यायला, पुन्हा कधीतरी बघू म्हणाला आणि मुंबईची गाडी गाठायला निघून गेला. तो पुन्हा कधीच आला नाही. पुढच्या पत्रांनाही उत्तरं आली नाहीत.

मी खाली आले तेव्हा मास्तर पारावर बसले होते. याकूबभाई काहीतरी बोलत होता आणि मास्तरांचा हात मांडीवर तसाच पडलेला होता. अंगठा हलत नव्हता. मला बघितल्यावर मात्र ताडकन उठले. "तक्ता पुरा झाला? समास सोडलास?" मी हो म्हणाले. "मग झालं तर," म्हणाले आणि गोधडीच्या गाठी मारायला लागले. मला तेव्हा या माणसाविषयी जे वाटलं ते पुढे फार थोड्या माणसांविषयी वाटलं.

मी पास झाले. वडिलांनी कंपनीत पेढे वाटले आणि मास्तरांसाठी कुरुळीहून शेंगांचं पोतं आणलं. ते जिन्यावरून वर नेताना फाटलं, गिरणीभर शेंगा झाल्या. नोकरी लागली. सायरन, पंचकार्ड, कँटीन, सगळं नवं होतं. महिनाभर मी क्लासकडे फिरकले नाही. मग एका शनिवारी सुटल्यावर सरळ तिकडे गेले.

याकूबभाईनं मधल्या काळात दुसरी डावी दांडी बनवून बसवली होती. मशीन पुरं होतं, पण वर कापड टाकलेलं. मास्तर ते उघडत नसत असं काकू हळूच म्हणाल्या. मी कापड काढलं आणि समोर स्टूल ओढलं.

"मास्तर, मला हे शिकवा."

"कशाला? तुला नोकरी लागलीय. आणि हे मशीन जगात एकच आहे."

"तुम्हाला येतं ना? मग मलाही येऊ दे."

"बोटं बिघडतील. कंपनीत अर्जांना भोकं पडतील."

"माझा डावा तयार आहे. उजव्याला तर तिथे कामच नाही. तुम्हीच रिकामा ठेवायला शिकवलात."

मास्तरांनी चष्मा काढला, कोटाला पुसला. पिठामुळे तो जास्तच धुरकट झाला, तसाच पुन्हा लावला. मग आतल्या खिशातून पट्टी काढली आणि माझा उजवा अंगठा, जो सवयीनं तळव्यात मिटून बसला होता, तो पट्टीच्या टोकानं अलगद उचलून उजव्या दांडीवर ठेवला.

"लिही," म्हणाले. "काका. मामा. बाबा."

मी चाचपडत क शोधला. काना मारायची वेळ आली तशी मी क्षणभर थांबले. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा अंगठा चौकटीवर आधीच तयार होता.

"मार की गं," ते मागे न बघता म्हणाले. "आलंय त्याचं काम."